सिग्नल युनिटचा बॅज आणि त्यावरची चिन्हं
सिग्नल युनिट म्हणजे लष्करात निरोप पोचवायचं काम करणारी तुकडी. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरच्या बॅजवर एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन झेंडे आणि मधोमध उभी सोनेरी मशाल असते. एक झेंडा पांढरा, त्यात लाल चौकोन, दुसरा बरोबर उलटा. बघून वाटतं की सैनिक दोन्ही हातात झेंडे धरत असणार, पण तसं नव्हतं. १८६० मध्ये अल्बर्ट मायर या लष्करी डॉक्टरने आणलेल्या विगवॅग पद्धतीत एका वेळी एकच झेंडा लागायचा, तो डावीउजवीकडे झुकवून एकेक अक्षर पाठवायचे, आणि कुठल्या रंगाचा घ्यायचा ते मागे काय आहे बघून ठरायचं, म्हणजे मागे गर्द झाडी असेल तर पांढरा, कारण तोच उठून दिसतो.

मशाल रात्रीसाठी. बॅजवर एकच आहे, पण कामाला दोन लागायच्या, एक काठीच्या टोकाला बांधून हलवायची आणि दुसरी पायाशी जमिनीवर तशीच जळत ठेवायची, कारण काळोखात नुसती एक ज्योत हलताना दिसली तर ती डावीकडे गेली की उजवीकडे हे लांबून बघणाऱ्याला कळणार कसं? ही खालची मशाल मला सगळ्यात हुशारीची वाटते आणि नेमकी तीच बॅजवर नाही.

बॅजचं वर्णन वाचताना एक लक्षात ठेवायचं, हेरल्ड्रीत (ढालीवरच्या चिन्हांच्या शास्त्रात) उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, आपल्याला ती डावीकडे दिसते.

कोअरचे रंग नारिंगी आणि पांढरा, म्हणून वेगवेगळ्या सिग्नल बटालियनच्या बॅजवरही याच रंगांचं इनॅमल (धातूवरचा चकचकीत रंगीत थर) दिसतं. आकाशातल्या विजेचं चिन्ह तर बऱ्याच बटालियनच्या बॅजवर असतं, तार आणि रेडिओ आल्यावर वेग दाखवायला तिच्याइतकं सोपं चिन्ह दुसरं कुठलं असणार. फ्रान्समध्ये लढलेल्या युनिटच्या बॅजवर पुष्कळदा लिलीचं फूल, म्हणजे फ्रान्सचं जुनं चिन्ह, येतं.

ब्रिटनच्या रॉयल सिग्नल्सने (स्थापना १९२०) झेंड्यांऐवजी रोमन देवांचा निरोप्या मर्क्युरी घेतला, सैनिक त्याला लाडाने 'जिमी' म्हणतात. पंखांचं शिरस्त्राण, पायाखाली पृथ्वीचा गोल, हातात दोन साप गुंडाळलेली काठी. हीच काठी अमेरिकी लष्करात १९०२ पासून मेडिकलवाल्यांच्या बॅजवर आहे, त्यामुळे गोंधळ होतो. वैद्यकाची खरी काठी एकाच सापाची, तिला पंख नसतात. दोन सापांची काठी निरोप्याचीच.