खुलासा: ‘व्हॅल’ म्हणजे कुलूप नव्हे

कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत नावाआधी ‘व्हॅल’ (val) लिहिलं की आतला डेटा बदलत नाही, हा समज अजून मुलाखतींतही ऐकू येतो. तसं नाही. ‘व्हॅल’मुळे ते नाव दुसऱ्या ऑब्जेक्टला जोडता येत नाही, एवढंच. ऑब्जेक्ट म्युटेबललिस्ट, म्हणजे बदलता येणारी यादी, असेल तर ‘अ‍ॅड’ करून कोणीही त्यात भर घालेल.

म्हणून लोक यादी प्रायव्हेट (फक्त क्लासच्या आत दिसणारी) ठेवतात, नावाआधी अंडरस्कोर लावतात आणि बाहेर ‘लिस्ट’ म्हणून देतात. बरं करतात, पण यादी तीच, वर फक्त वाचण्यापुरती खिडकी. जेव्हीएमवर (कोटलिनचा कोड चालवणारं जावाचं आभासी यंत्र) ‘अ‍ॅज म्युटेबललिस्ट’ असा कास्ट केला, म्हणजे प्रकार बदलून घेतला, की खिडकीतून हात आत! (असं कोण करतं? घाईत बरेच जण.) शिवाय आत भर पडली की बाहेर दिलेली यादीही वाढते. त्या क्षणाची प्रत हवी तर ‘टूलिस्ट’ करून द्या. यादीऐवजी म्युटेबलस्टेटफ्लो (बदलता येणारी आणि बदल कळवणारी किंमत) असेल तर बाहेर देताना ‘अ‍ॅजस्टेटफ्लो’ लावा; तिथे उलटा कास्ट फसतो.