अपूर्णांकांच्या खेळात ‘पूर्ण’ कुठलं?

अपूर्णांक मुलांच्या हातात आले ते लाकडी ठोकळ्यांतून. शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत लहानग्यांसाठी काम सुरू केलं. त्याच्या पाचव्या खेळसंचात तीन इंची घन २७ लहान घनांत कापलेला असे. त्यांतले ३ कर्णावर कापून अर्धे, ३ दोन्ही कर्णांवर कापून पाव. एकूण तुकडे ३९. खेळ आटोपला की सगळे जुळवून पुन्हा अखंड घन करायचा.

माँटेसरींची पहिली शाळा रोममध्ये १९०७ ची. त्यांच्या साहित्यात धातूची दहा वर्तुळं आहेत: पहिलं अखंड, मग दोन, तीन असं करत दहा भागांपर्यंत. अर्ध्याच्या खाचेत दोन पाव चपखल बसतात, सांगावं लागत नाही. पण वर्तुळ कायम तेवढंच. त्यामुळे ‘पाव म्हणजे हा तुकडा’ असं मुलाच्या डोक्यात बसतं आणि मोठ्या कागदाचा पाव भाग त्याला पटत नाही.

ही गाठ सुटली बेल्जियमचे शिक्षक क्विझनेअर यांच्या रंगीत कांड्यांनी. लांबी १ ते १० सेंटिमीटर, त्यांवर आकडे नाहीत. त्यांची पुस्तिका १९५२ ची. पुढच्याच वर्षी गणितशिक्षक गातेन्यो यांनी त्या कांड्या पाहिल्या आणि देशोदेशी नेल्या. नारिंगी (१०) पूर्ण धरली तर तांबडी (२) एक पंचमांश. गडद हिरवी (६) धरली तर तीच तांबडी एक तृतीयांश. ‘तांबडी म्हणजे किती?’ या प्रश्नाला ‘कशाच्या?’ हेच उत्तर. आमच्या मते या साऱ्या साहित्यात कांड्याच सरस.

कागदी पट्ट्यांचा खेळ त्यामानाने स्वस्त. सारख्या लांबीच्या पाच पट्ट्या घ्यायच्या: एक अखंड, बाकीच्या २, ४, ८, १६ भागांत कापलेल्या. फाशावर १/२, १/४ एकेकदा, १/८, १/१६ दोनदोनदा. दान पडेल तो तुकडा ठेवत अखंड पट्टी झाकायची. शेवटचा तुकडा बाहेर आला तर चालत नाही. सोळा भागांसाठी सलग चार घड्या घातल्या की कागद जाड होतो, घडी सरकते आणि भाग असमान होतात. म्हणून दर घडीनंतर उघडून रेघ आखावी. तुकड्यांवर अपूर्णांक लिहू नयेत, नाहीतर मुलं लांबी न पाहता आकडेच जुळवतात.

खरी मजा उलट्या खेळात, झाकलेली पट्टी रिकामी करण्यात. समोर फक्त अर्धा तुकडा आणि दान पडतं १/८, काढायचं कसं? अर्धा देऊन चार अष्टमांश घ्यावे लागतात, मग त्यातला एक उचलता येतो.