भूभेदी रडार : खडबडीत जमिनीखालील शोध

जमिनीत रेडिओतरंग सोडून, परत येणाऱ्या तरंगांवरून पुरलेल्या वस्तूचे स्थान व खोली ठरविण्याची भूभौतिकीय पद्धत. ‘जीपीआर’ (ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार) या नावाने ती अधिक ओळखली जाते. वापरातील कंप्रता (वारंवारता) साधारणपणे १० मेगॅहर्ट्झ ते काही गिगॅहर्ट्झ. पाइप, केबल व काँक्रीटमधील सळया शोधण्याचा तिचा उपयोग सर्वपरिचित आहे. येथे मुख्यतः वरची जमीन ओबडधोबड असताना येणाऱ्या अडचणींचा विचार केला आहे.

उगम : पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. काही लेखक ते जर्मन संशोधक ख्रिस्तियान ह्यूल्समायर यांच्याकडे देतात. त्यांनी १९०४ मध्ये कोलोन येथे ऱ्हाइन नदीवरील जहाजे रेडिओतरंगांनी टिपून दाखविली. परंतु हे लक्ष्य उघड्यावरचे होते. त्याला भूभेदन म्हणणे ताणाताणीचे वाटते. गॉटहेल्फ लाइम्बाख व हाइनरिख ल्योव्ही यांचे १९१० मधील जर्मन पेटंट मात्र पुरलेल्या वस्तूंबद्दलच आहे. उभ्या विंधणांत अँटेना सोडायचे आणि त्यांच्या जोड्यांमध्ये पोहोचणाऱ्या तरंगांच्या तीव्रतेची तुलना करायची, अशी त्यांची रीत होती. कोरड्या जमिनीतील पाणी किंवा धातुक असे विद्युत् वाहक पदार्थच त्यांना अभिप्रेत होते आणि तरंगही अखंड होते, स्पंदरूप (क्षणभराच्या तुटक ठोक्यांचे) नव्हते. स्पंदांचा वापर ह्यूल्सेनबेक यांनी १९२६ मध्ये सुचविला. पदार्थ वाहक नसला तरी विद्युत् अपारक स्थिरांकातील (पदार्थ विद्युत् क्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते दाखविणाऱ्या अंकातील) फरकामुळे परावर्तन होते, हे त्यांनी नोंदविले. आजची बहुतेक उपकरणे याच सूत्रावर चालतात. त्यामुळे कल्पनेचा उगम १९१० आणि तंत्राचा १९२६ असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. १९२९ च्या सुमारास श्टेर्न यांनी ऑस्ट्रियातील हिमनदीची जाडी रेडिओतरंगांनी मोजली. त्यानंतर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत विषय मागे पडला. तरंग बर्फात शिरत असल्याने विमानांचे रेडिओ उंचीमापक ध्रुवीय बर्फावर चुकीची उंची दाखवू लागले, तेव्हा त्याकडे पुन्हा लक्ष गेले.

खडबडीतपणाचा परिणाम : अपारक स्थिरांक ९ असलेल्या मातीत तरंगाचा वेग सेकंदाच्या अब्जांशात १० सेंमी. असतो; एक मीटरवरील वस्तूचा प्रतिध्वनी २० अब्जांश सेकंदांत परततो. अशा मातीच्या पृष्ठभागावरूनच सुमारे एक-चतुर्थांश शक्ती परत फिरते. जमीन सपाट असेल तर हे परावर्तन सर्वत्र सारखे येते आणि नोंदींची सरासरी वजा करून काढून टाकता येते. खडबडीत जमिनीवर ते जागोजागी बदलते, वजाबाकीनंतर त्याचे अवशेष उरतात आणि उथळ वस्तूचा क्षीण प्रतिध्वनी त्यांत बुडतो.

रॅली निकषानुसार, लंब आपातात (तरंग सरळ वरून पडत असताना) चढउतार तरंगलांबीच्या एक-अष्टमांशाहून कमी असतील तर पृष्ठभाग गुळगुळीत धरतात. १ गिगॅहर्ट्झला ही मर्यादा ४ सेंमी.हून किंचित कमी येते. नांगरलेल्या रानातली ढेकळे तिला सहज ओलांडतात. कंप्रता ४०० मेगॅहर्ट्झवर आणल्यास मर्यादा ९ सेंमी.च्या वर जाते खरी, पण वरील मातीत तरंगलांबी २५ सेंमी. होते आणि ८–१० सेंमी. व्यासाचा प्लास्टिकचा भूसुरुंग ओळखणे अवघड होते. कोरड्या वाळूचा व प्लास्टिकचा अपारक स्थिरांक जवळपास सारखाच. ओलाव्याने फरक वाढतो, पण क्षीणनही (तरंग विरत जाणेही) वाढते.

१९९० च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठातील लेउंग त्सांग, यासुओ कुगा आणि अकिरा इशिमारू यांच्या गटाने कोनीय सहसंबंधाचा मार्ग मांडला. यादृच्छिक (अनियमित) पृष्ठभागाने केलेल्या प्रकीर्णनात (तरंग विखुरण्यात) ठरावीक संबंध पाळणाऱ्या आपात-प्रकीर्णन कोनांच्या जोड्यांपुरताच सहसंबंध तीव्र असतो. अशा जोड्यांच्या या ‘स्मृतिरेषे’पासून दूरचे कोन निवडले की पृष्ठभागाचा वाटा सरासरीत मावळतो, वस्तूचा उरतो. युक्ती सुंदर आहे. मात्र सरासरीसाठी अनेक कोनांत किंवा कंप्रतांत मोजणी लागते, आणि ढकलगाडीवरच्या एका अँटेनाला ती सोय नसते.

पुणे परिसर : या विषयावरील बरेच विवेचन वाळूला धरून आहे. पुण्याभोवती दख्खनच्या बेसाल्टवर मुरूम व काळी माती आहे. माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाने युक्त अशा ओल्या काळ्या मातीत काहीशे मेगॅहर्ट्झचा तरंग अनेकदा मीटरभरही जात नाही. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. अशा वेळी खडबडीतपणा निव्वळ उंचसखलपणाचा राहत नाही, आणि चढउतारांच्या सांख्यिकीवर उभी गणिते तिला नीट लागू पडत नाहीत. मुरमात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत गेलेल्या बेसाल्टचे घट्ट गोटे राहतात. नोंदीत त्यांचे अपास्त वक्र (हायपरबोला) उमटतात आणि ते पुरलेल्या वस्तूंचे समजले जाण्याचा धोका असतो.

पुण्याला हा विषय सुरुंग व पुरातत्त्व या दोन्ही अंगांनी जवळचा आहे. सुरुंगविषयक यंत्रसामग्री विकसित करणारी संरक्षण संशोधन संस्था दिघी येथे, तर लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडी येथे आहे. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे दीड दशक ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन केले. तेथील घरांच्या जमिनीखालची कुंभदफने हे या पद्धतीचे कठीण लक्ष्य ठरावे, कारण मातीने भरलेले मडके आणि भोवतालची माती यांत विद्युतीय फरक थोडा असतो.

शहरात प्रश्न उलट आहे. डांबरी रस्ता गुळगुळीत असतो, पण त्याखाली पाइप-केबलींची गर्दी असते. नानासाहेब पेशव्यांच्या काळातील, बहुधा १७५० च्या सुमाराची, कात्रजहून शनिवारवाड्याकडे येणारी बांधीव जलवाहिनी व तिचे उच्छ्वास (हवा जाण्यासाठी बांधलेले मनोरे) यांचा बराच भाग अशाच वस्तीखाली आहे. वाहिनीत हवा असेल तर परावर्तन ठळक येते व त्याची ध्रुवता (तरंगाच्या चढ-उताराची दिशा) धातूच्या पाइपाच्या उलट असते. गाळाने भरलेल्या भागात ही खूण मिळत नाही.