लॉक-इन की बॉक्सकार?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी लेझर लॅबमध्ये येणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायरलाही रेफरन्स (सिग्नलचा ताल सांगणारी खूण) लागतो, बॉक्सकारलाही ट्रिगर (‘आता मोज’ असा इशारा) लागतो, दोन्ही यंत्रं नॉइजमध्ये बुडालेला सिग्नल वर काढतात. मग लॅबने दोन-दोन यंत्रं का बाळगायची? प्रश्न अगदी रास्त आहे. कालिना, पवई, कुलाबा, मुंबईतल्या कुठल्याही लॅबमध्ये विचारला जाईल असा. उत्तरासाठी एवढंच बघायचं: एका आवर्तनातला किती वेळ तुमचा सिग्नल खरोखर हजर असतो?

आधी लॉक-इन. नमुन्यावर जाणारा प्रकाश चॉपरच्या फिरत्या पात्याने ठरावीक वारंवारतेने अडवायचा आणि सोडायचा. नमुन्याकडून येणारा सिग्नलही मग त्याच तालात कमी-जास्त होतो. डिटेक्टरकडून जे काही येईल त्याला लॉक-इन चॉपरच्या रेफरन्सने गुणतो. वारंवारता तंतोतंत जुळली की गुणाकारात एक स्थिर भाग उरतो. जुळली नाही तर गुणाकार वर-खाली होत राहतो आणि पुढच्या लो-पास फिल्टरमध्ये (फक्त संथ बदल पुढे सोडणाऱ्या गाळणीत) त्याची सरासरी शून्याकडे जाते. सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळाचा ठेका एकदा कानात बसला की चाकांच्या खडखडाटातही टाळ वेगळे ऐकू येतात, तसंच हे.

फेजचं, म्हणजे सिग्नल रेफरन्सच्या किती पुढे-मागे आहे याचं, महत्त्व इथेच आहे. सिग्नल रेफरन्सच्या ९० अंश मागे पडला, तर सिग्नल कितीही मोठा असला तरी गुणाकाराची सरासरी शून्य येते. म्हणून हल्लीचे लॉक-इन एकाच वेळी दोन रेफरन्सनी गुणतात, दुसरा पहिल्याच्या ९० अंश पुढे, आणि त्यातून सिग्नलचा आकार आणि फेज दोन्ही काढतात. बॉक्सकारकडे असलं काही नसतं.

फायदा आकड्यांत बघू. अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज दर वर्गमूळ हर्ट्झला १० नॅनोव्होल्ट धरा. १० किलोहर्ट्झची बँडविड्थ (आत येऊ दिलेल्या वारंवारतांचा पट्टा) उघडी ठेवली तर एकूण नॉइज १ मायक्रोव्होल्ट होतो. लॉक-इनचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सरासरी घेण्याचा काळ, १ सेकंद आणि फिल्टर साधा एका टप्प्याचा असेल, तर बँडविड्थ पाव हर्ट्झ उरते आणि नॉइज ५ नॅनोव्होल्टवर येतो. दोनशेपट कमी! याची किंमत मात्र वेळात मोजावी लागते. आकडा एका टक्क्याच्या आत स्थिरावायला साधारण ५ सेकंद लागतात, म्हणजे ३०० बिंदूंचा वर्णपट २५ मिनिटांचा झाला. घाई करून मोनोक्रोमेटर (प्रकाशातला एकेक रंग निवडणारं यंत्र) आधीच पुढे सरकवला की शिखरं बसकी होतात आणि जागेवरून सरकतात. असे वर्णपट मी फार पाहिलेत, आणि दोष बिचाऱ्या नमुन्याला दिला जातो.

चॉपरची वारंवारताही विचार करून निवडावी. आपली वीज ५० हर्ट्झची, चोकवाली ट्यूबलाइट १०० ला लुकलुकते. त्यामुळे ३०० सारखा ५० च्या पटीतला आकडा टाळून ३२५ च्या आसपास राहावं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या मायक्रोवेव्ह रेडिओमीटरमागेही हीच युक्ती होती: रिसीव्हर अँटेना आणि एक ठरलेला संदर्भ यांच्यात सतत आलटूनपालटून जोडायचा आणि त्याच तालातला फरक तेवढा मोजायचा.

आता १० हर्ट्झचा पल्स्ड लेझर घ्या. प्रत्येक शॉटनंतर नमुना समजा १०० नॅनोसेकंद चमकतो आणि पुढचा जवळजवळ सगळा दशांश सेकंद अंधार. सिग्नलची हजेरी दहा लाखांत एक भाग! हा सिग्नल लॉक-इनला दिला तर तो फक्त १० हर्ट्झचा घटक उचलतो. शिखर १ व्होल्टचं असलं तरी तो घटक जेमतेम २ मायक्रोव्होल्ट भरतो, कारण बाकीचा सिग्नल असंख्य हार्मॉनिक्समध्ये (१० हर्ट्झच्या पटीतल्या वारंवारतांमध्ये) विखुरलेला असतो. शिवाय अंधारातला सगळा नॉइज लॉक-इन इमानेइतबारे ऐकत बसतो.

बॉक्सकार तो अंधार ऐकतच नाही. ट्रिगर आला की ठरलेल्या विलंबानंतर गेट उघडतं, १०० नॅनोसेकंद जे येईल ते साठवतं आणि बंद होतं. मग अनेक शॉट्सची सरासरी. १०० शॉट्सना नॉइज दहापट घटतो आणि १० सेकंद जातात. शंभरपट हवा असेल तर १०,००० शॉट्स, म्हणजे सुमारे १७ मिनिटं. विलंब थोडा थोडा वाढवत नेला तर फ्लुरोसन्सच्या (नमुन्याच्या चमकेच्या) क्षयाचा अख्खा आलेखही मिळतो. लॉक-इनमधून तो आकार असा सरळ दिसत नाही.

पण बॉक्सकारला वारंवारतेची पारख नाही. गेट उघडं असताना जे आत आलं ते सगळं त्याच्या लेखी सिग्नल. १० हर्ट्झचा लेझर क्रिस्टल क्लॉकवर चालतो आणि विजेची वारंवारता ५० च्या अवतीभवती हलत असते. त्यामुळे तारांत शिरणारी विजेची गुणगुण, म्हणजे लेझरच्या पाचपट वारंवारतेचा हम, प्रत्येक शॉटला थोड्या वेगळ्या फेजमध्ये सापडतो आणि बेसलाइन संथपणे डोलते. यावर चांगला उपाय म्हणजे लेझर एकाआड एक ट्रिगरला चालवायचा आणि रिकाम्या ट्रिगरचं वाचन वजा करायचं.

तालातच येणारी घाण मात्र दोघांनाही ओळखता येत नाही. क्यू-स्विचचा (लेझरचा पल्स सोडणाऱ्या स्विचचा) विद्युत झटका असो की चॉपरच्या पात्यावरून विखुरलेला प्रकाश, तो रेफरन्सच्या सोबतच येतो. म्हणून मोजमापाआधी डिटेक्टरवर काळा पुठ्ठा धरा. तरीही आकडा दिसला तर तो केबलमधून येतोय. पुठ्ठा काढून नमुना बाजूला केल्यावर दिसला तर विखुरलेला प्रकाश शोधा.

काही प्रयोगांत दोन्ही यंत्रं एकापाठोपाठ जोडतात. १ किलोहर्ट्झच्या फेम्टोसेकंद (अतिशय तोकडे पल्स देणाऱ्या) लेझरवर पंप-प्रोब करताना, म्हणजे पंप किरणाने नमुना उत्तेजित करून प्रोब किरणाने तो तपासताना, पंप ५०० हर्ट्झला चॉप करतात, म्हणजे तो एकाआड एक शॉटला पोचतो. बॉक्सकार प्रोबचा प्रत्येक शॉट पकडून पुढच्या शॉटपर्यंत धरून ठेवतो आणि लॉक-इन त्या पायऱ्यांमधला ५०० हर्ट्झचा फरक मोजतो. चॉपर लेझरच्याच क्लॉकवर चालवावा लागतो, नाहीतर पातं मधेच येऊन अर्धा किरण कापतं. आणि ५०० हा आकडा ५० च्या पटीतलाच असल्यामुळे इथे डिटेक्टरची केबल आखूड ठेवायची आणि सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी आणायचं.