थेमॉस आणि एक एमबीची चौकट

बिटकॉइनचे नियम बहुमताने बदलत नाहीत, असं आज ठासून सांगितलं जातं. सुरुवातीला हे इतकं पक्कं नव्हतं. २०१० मध्ये बिटकॉइनचे निर्माते सातोशी नाकामोतो यांनी ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एकेका गठ्ठ्याला, १० लाख बाइटची (एक एमबी) मर्यादा घातली, तीही गाजावाजा न करता. ३ ऑक्टोबरला विकासक जेफ गार्झिक यांनी बिटकॉइनच्या चर्चामंचावर ती वाढवणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मांडला. व्यवहार पेपालच्या तोडीने व्हावेत हा हेतू. त्यावर ‘थेमॉस’ या टोपणनावाने वावरणाऱ्या सदस्याने बजावलं की पॅच लावणाऱ्याचा इतर क्लायंटशी (बिटकॉइन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी) मेळ राहणार नाही. सातोशींनी दुजोरा दिला.

मेळ तुटतो म्हणजे काय? दोन एमबीचा ब्लॉक आला की जुना नोड, म्हणजे जुन्या नियमांनी ब्लॉक तपासणारा संगणक, तो नाकारतो, त्यावर रचलेले पुढचे सगळे ब्लॉकही नाकारतो. एका साखळीच्या दोन होतात आणि फुटीआधीची नाणी दोन्हीकडे खर्चता येतात. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सातोशींनी उदाहरण दिलं: नवी मर्यादा ब्लॉक ११५००० नंतर लागू करा, पण कोड बराच आधी सर्वांपर्यंत पोचवा. पुढच्या वादात मोठ्या ब्लॉकवाल्यांनी नेमकं हेच उदाहरण उचललं.

ऑगस्ट २०१५ मध्ये गॅव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न या विकासकांचं बिटकॉइन एक्सटी हे पर्यायी सॉफ्टवेअर आलं. शेवटच्या १००० पैकी ७५० ब्लॉकनी पाठिंबा दर्शवला की मर्यादा ८ एमबी, मग दर दोन वर्षांनी दुप्पट. थेमॉस तोवर रेडिटवरच्या बिटकॉइन समूहाचे मॉडरेटर झाले होते. ७५ टक्के मायनर (ब्लॉक तयार करणारे) म्हणजे एकमत नव्हे, सबब एक्सटी हे बिटकॉइनच नव्हे, असं ठरवून त्यांनी त्याच्या प्रचारावर बंदी घातली. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी निघून जावं, मग ते ९० टक्के का असेनात, हेही सुनावलं. तांत्रिक मुद्दा बिनतोड होता. पण एका बाजूचं तोंड बंद केल्यावर एकमत मोजायचं कसं, याला उत्तर नव्हतं.

एक्सटी ७५ टक्क्यांजवळही पोचलं नाही. १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइन कॅश ८ एमबीची मर्यादा घेऊन वेगळं नाणं झालं. त्याच महिन्यात, २४ तारखेला, ब्लॉक ४८१८२४ पासून बिटकॉइनमध्ये सेगविट हा नियमबदल लागू झाला. त्यात व्यवहारांवरच्या डिजिटल सह्यांचा बाइट पाव वजनाने मोजतात आणि जुन्या नोडला सह्या वगळलेला ब्लॉक दिसतो, तो एक एमबीतच बसतो. जागा वाढली, साखळी फुटली नाही. सेगविटनंतर मर्यादा दुप्पट करण्याच्या बेतामागे मायनिंगची ८० टक्क्यांहून अधिक ताकद होती. तरी ८ नोव्हेंबरला तो मागे घेताना पुरस्कर्त्यांनी कारण दिलं ते पुरेशी सहमती नसल्याचंच.