टर्की स्काउटिंग (शेतजमिनीवरचं)

टर्की स्काउटिंग म्हणजे शिकारीचा सीझन सुरू व्हायच्या आधी रानटर्की (कोंबडीच्या जातीचे मोठे रानपक्षी) कुठे झोपतात, कुठे चरतात, कुठल्या वाटेने जातात-येतात हे बंदूक घरी ठेवून शोधून काढणं. अमेरिकेत हे बहुतेक राज्यांत चालतं, पण इथे मुख्यतः मिझुरीबद्दल लिहिलंय, कारण तिथे मका-सोयाबीनची शेतं, त्यांना लागून ओकची झाडी आणि ओढ्याकाठची उंच झाडं असं सगळं एकाच शिवारात सापडतं आणि टर्कीला नेमकं तेच हवं असतं. तिथला स्प्रिंग (वसंतातला) शिकारीचा सीझन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होऊन तीन आठवडे चालतो, त्यामुळे स्काउटिंगची खरी धावपळ मार्चपासून.

मोठ्या नराला टॉम किंवा गॉबलर म्हणतात, जेमतेम वर्षाच्या नराला जेक, मादीला हेन. टॉम साधारण ७ ते ११ किलोचा, छातीवर घोड्याच्या केसांसारखा लोंबता झुपका, त्याला बिअर्ड म्हणतात. स्प्रिंगमध्ये फक्त नर किंवा बिअर्ड दिसणारा पक्षीच मारता येतो. आपल्याकडे पाळीव टर्की फार जुनी आहे, जहांगीरच्या माणसाने १६१२ च्या सुमारास गोव्याहून एक टर्की बादशहाकडे नेली आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं.

माझ्या मते स्काउटिंगमध्ये डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाचे. टर्की रात्री झाडावर झोपतात, तो त्यांचा रातथारा, आणि उजाडायच्या आधी टॉम फांदीवरूनच गुरगुरत ओरडतो, त्याला गॉबल म्हणतात. म्हणून लोक अंधारात शेताच्या कडेला, नाहीतर रस्त्यावर गाडी उभी करून गप्प ऐकत बसतात. एकही ओरडला नाही तर घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढायचा, दचकून टॉम उत्तर देतो आणि जागा कळते. हेनचा आवाज मात्र सीझनआधी काढायचा नाही! टॉम आवाजाकडे येतो, तिथे हेन नसते, माणूस असतो, आणि मग तो पुढे त्या आवाजाला फसत नाही. रातथाऱ्याखाली जाऊन उगाच फिरणंही तितकंच वाईट, पक्षी बिथरून जागा सोडू शकतात.

पक्षी निघून गेले की खुणा बघायच्या. ओल्या बांधावर तीन बोटांचा ठसा ४ इंचांहून मोठा असेल तर बहुतेक टॉम. विष्ठा तर सरळ सांगते, टॉमची इंग्रजी जे अक्षरासारखी वाकडी, हेनची गोळा झालेली. छातीचं पीस पडलेलं मिळालं तर टोक बघा, काळं असेल तर नर, तपकिरी असेल तर मादी. धुळीत ठशांच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा दिसल्या की समजायचं टॉम इथे पिसारा फुलवून मिरवलाय, पंखांची टोकं जमिनीला घासत गेलीत. अशी जागा सापडणं म्हणजे अर्धं काम झालं, कारण तो तिथे परत परत येतो.

शेतात कुठे बघायचं? कापलेल्या मक्याच्या खुंटात सांडलेले दाणे असतात, तिथे. शेणखत पसरलेलं शेत असेल तर तेही, शेणात न पचलेले दाणे राहतात आणि टर्की ते उकरून खातात. गुरांच्या कुरणातही त्या शेणाचे पो उलटून किडे वेचतात.

पण सगळ्यात आधी शेतमालकाला भेटायचं. परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, मिझुरीत झाडांवर किंवा खांबांवर जांभळा रंग मारलेला असला की ते प्रवेशबंदीच्या पाटीसारखंच कायदेशीर असतं. शिवाय रोज ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाला पक्षी कुठल्या कोपऱ्यातून किती वाजता बाहेर पडतात हे कुठल्याही ट्रेल कॅमेऱ्यापेक्षा (झाडाला बांधलेला, प्राणी हलला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) चांगलं माहीत असतं. काही शेतकरी टर्कीवर पिकाच्या नुकसानीचा राग काढतात. टर्की दिवसाढवळ्या शेतात दिसतात म्हणून आळ त्यांच्यावर येतो, प्रत्यक्षात बरंचसं नुकसान रात्री येणारी हरणं आणि रॅकून (मांजराएवढा निशाचर प्राणी) करतात.

हे पक्षी आज शेताशेतांत दिसतात यामागे मोठी मेहनत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलतोड आणि बेसुमार शिकारीने ते बऱ्याच राज्यांतून संपत आले होते. पिंजऱ्यात वाढवून सोडलेले पक्षी जंगलात टिकले नाहीत, मग रानातलेच पक्षी तोफेने उडवायच्या जाळ्यात पकडून दुसरीकडे सोडले आणि ते जमलं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा अशा कामाला मिळाला. मिझुरीत १९६० मध्ये पुन्हा सीझन उघडला तेव्हा तो फक्त तीन दिवसांचा होता.

फेब्रुवारीत बघून ठेवलेल्या जागांवर एप्रिलमध्ये विसंबू नये. हिवाळ्यात मोठे थवे एकत्र असतात, ऊन वाढलं की ते फुटतात, हेन अंडी घालायला झाडोऱ्यात, गवतात जागा शोधतात आणि टॉम त्यांच्या मागे जातात, त्यामुळे महिन्यापूर्वी भरलेलं शेत रिकामं दिसू शकतं. म्हणूनच बरेच शिकारी सीझनच्या आदल्या संध्याकाळीही लांबून दुर्बीण लावून बसतात, पक्षी कुठल्या झाडावर चढले ते बघतात आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत जागचे हलत नाहीत.