बाजारातला ‘हायब्रिड’ गहू आणि निळा दाणा

मार्च-एप्रिलमध्ये नागपुरात वर्षाचा गहू भरायची लगबग सुरू झाली की कळमन्याच्या बाजारापासून घराजवळच्या गिरणीपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आजकाल सगळा हायब्रिड गहू येतो, म्हणून पोटं बिघडतात.” व्हॉट्सॲपवर तोच गहू आणखी पुढे जाऊन ‘जनुक बदललेला’ होतो. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. जनुकबदल केलेल्या गव्हाच्या लागवडीला भारतात परवानगीच नाही. आणि लोकवन, शरबती, बन्सी हे सगळे सरळ वाण आहेत. घरचं बी राखून पेरलं तरी पुढच्या वर्षी तेच पीक येतं. यातले काही वाण मुळात दोन जातींच्या संकरातून निवडले असतील, पण पुढच्या अनेक पिढ्या स्वपरागणाने स्थिर झाल्यावरच ते शेतात आले. संकरित, म्हणजेच हायब्रिड वाणात दोन जातींच्या संकराची पहिली पिढीच थेट शेतकऱ्याच्या पिशवीत येते. असा गहू युरोपात थोड्या क्षेत्रावर पिकतो. आपल्याकडे तो कधी मोठ्या क्षेत्रावर पिकला नाही. ज्यांना सिलिॲक आजार आहे त्यांनी ‘देशी’ म्हणून खपली गव्हाकडे वळू नये, ग्लुटेन त्यातही असतं.

मग विदर्भात कापूस आणि ज्वारी संकरित, आणि गहू का नाही? जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, १९७० मध्ये सुरतला कापूस संशोधक सी. टी. पटेल यांनी दिला. संकरित कापसाचं बी आजही बहुतेक हाताने क्रॉसिंग करून तयार होतं. परवडतं ते एका हिशेबामुळे: कापसाच्या एका फुलावर हात फिरवला की एका बोंडातून पंचवीस-तीस सरक्या मिळतात, आणि एकराला पाकीटभर, म्हणजे पाच-सहा हजार सरक्या पुरतात. गव्हाच्या एका फुलात दाणा एकच. एकरी ४० किलो बियाणं, हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं, तर एका एकरासाठी दहा लाख फुलं हाताळावी लागतील.

तीही किती नाजूक! ओंबी पोटरीतून नुकती बाहेर आलेली आणि परागकोश अजून हिरवे असायला हवेत. ओंबीच्या टोकाची व बुडाची फुलं आणि प्रत्येक कणिशिकेतलं, म्हणजे ओंबीवरच्या फुलांच्या छोट्या झुपक्यातलं, मधलं फूल काढून टाकायचं. उरलेल्या फुलांच्या तुसांचा वरचा भाग कात्रीने छाटायचा, चिमट्याने तिन्ही परागकोश अखंड उचलायचे, बटर पेपरची पिशवी चढवायची. दोन-चार दिवसांनी स्त्रीकेसराची टोकं पिसासारखी फुलली की सकाळी पराग टाकायचा. परागकोश पिवळे पडेपर्यंत थांबलात तर ते चिमट्यातच फुटतात आणि फूल स्वतःच फळतं; फार लवकर हात घातला तर कोवळं स्त्रीकेसर दुखावतं. नवा वाण शोधायला पाच-पन्नास ओंब्यांवर हे जमतं. बियाण्याच्या धंद्यात नाही.

म्हणून जन्मतःच नरवंध्य असलेला, म्हणजे पराग न देणारा गहू हवा. विल्सन आणि रॉस या अमेरिकी संशोधकांनी १९६२ मध्ये टिमोफीव्ही या रानगव्हाच्या जवळच्या जातीचं पेशीद्रव्य आपल्या गव्हात आणून तो मिळवला. पण शेतकऱ्याच्या शेतात दाणा भरायचा तर नर वाणात प्रजननक्षमता परत आणणारी जनुकं असावी लागतात. गव्हात ती अनेक आहेत, एकटी अपुरी पडतात आणि तापमानानुसार कमीजास्त चालतात. फ्रान्समध्ये सिंटोफेन हे रसायन फवारून पराग मारतात. त्यातही ओंबी खोडात असतानाचे मोजके दिवस चुकले किंवा पावसाने फवारा धुतला की बी भेसळीचं निघतं.

मला सगळ्यात देखणी वाटते ती निळ्या दाण्याची पद्धत. गव्हाच्या ४बी गुणसूत्रावर एमएस-१ हे जनुक आहे. ते दोन्ही प्रतींत निकामी झालं की परागकण तयार होत नाहीत. गव्हाच्या नात्यातल्या एका रानगवताचं ४ई हे गुणसूत्र ही उणीव भरून काढतं, कारण त्यावर त्याच कामाचं जनुक आहे. त्याच गुणसूत्रावर दाण्याला निळा करणारं जनुकही आहे. नरवंध्य गव्हात ४ईची एकच प्रत जादा घातली की झाड पराग देतं आणि स्वतः फळतं. मात्र त्या एकट्या गुणसूत्राला जोडीदार नसतो. बीजांडं आणि पराग तयार होताना ते बहुतेक वेळा गळून पडतं. त्यामुळे एकाच ओंबीत दोन प्रकारचे दाणे भरतात: ४ई गेलेले बिनरंगी, म्हणजे नरवंध्य, आणि ४ई टिकलेले निळे, म्हणजे पुढच्या वर्षी हाच खेळ पुन्हा चालू ठेवणारे.

हा रंग विश्वासाचा ठरतो तो एका बारकाव्यामुळे. गव्हाचा नेहमीचा तांबूस रंग सालीत असतो, आणि साल आईच्या झाडाची. निळा रंग सालीखालच्या ॲल्यूरॉन थरात असतो. हा थर फलनातून बनतो, म्हणून त्यातली गुणसूत्रं भ्रूणाशी जुळतात. दाणा पेरायच्या आधीच त्याचं झाड पराग देणार की नाही, हे डोळ्यांना दिसतं. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये डागी तांदूळ हवेच्या झोताने उडवणारी सॉर्टेक्स मशीन असते. तसल्याच रंग ओळखणाऱ्या यंत्राने निळे दाणे वेगळे काढता येतात. बिनरंगी दाण्यांच्या ओळी नर वाणाच्या ओळींशेजारी पेरायच्या, बाकी काम वाऱ्याचं. नर म्हणून जवळपास कोणताही चांगला वाण चालतो, कारण साध्या गव्हात एमएस-१ धडधाकटच असतं.

अडचणीही आहेत. जोडीदार नसलेलं ४ई कधी मध्येच तुटतं. रंगाचं जनुक एका तुकड्यावर आणि परागाचं दुसऱ्यावर गेलं, तर बिनरंगी दाण्यातून पराग देणारं झाड उगवतं आणि प्लॉट नासतो. शिवाय गव्हाचा पराग अल्पायुषी. फुलोऱ्यात ऊन तापलं आणि हवा कोरडी झाली की तो काही मिनिटांत मरतो. विदर्भात नर-मादी ओळींचा फुलोरा एका वेळी आणणं हे बियाणं उत्पादकाचं पहिलं काम राहील. एवढं करून उत्पन्नातली वाढ साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणून बियाणं स्वस्तात तयार झालं तरच याला अर्थ आहे.

ही पद्धत कुठल्या एका प्रयोगशाळेने एकटीने घडवलेली नाही. ऑस्ट्रेलियात ड्रिस्कॉल यांनी जादा गुणसूत्राची कल्पना १९७२ मध्ये मांडली, चीनमध्ये ४ईची निळ्या दाण्याची लाइन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वंश, उभी राहिली. आणि कोणतं जनुक कोणत्या गुणसूत्रावर हे शोधायची वाट अर्नेस्ट सीअर्स यांनी अमेरिकेत मिसुरीत केली. ‘चायनीज स्प्रिंग’ या गव्हाच्या २१ जोड्यांपैकी एकेका जोडीतलं एक गुणसूत्र कमी असलेल्या २१ लाइन त्यांनी तयार केल्या आणि त्यांचं बी जगभर दिलं. अशी बरीचशी देवाणघेवाण आज वनस्पती अनुवंशिक संसाधनांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चालते. तो २००४ पासून लागू आहे, भारत त्यात आहे आणि गहू त्याच्या यादीत आहे. घेणाऱ्याला एक ठरावीक करार स्वीकारावा लागतो, आणि मिळालं त्याच रूपातल्या बियाण्यावर हक्क सांगता येत नाही. परदेशातून आलेलं पाकीट दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या रोगतपासणीतून जातं. त्या ब्यूरोचं एक प्रादेशिक केंद्र आपल्या अकोल्यातही आहे.

मात्र असं बी नुसतं साठवून टिकत नाही. सीअर्स यांच्या ४१ गुणसूत्रांच्या लाइन स्वतः फळल्या की सुमारे ७३ टक्के झाडं ४१ ची, २४ टक्के पुन्हा ४२ ची आणि ३ टक्के ४० ची निघतात. ४२ ची झाडं जोमदार असल्याने दोन-तीन हंगाम मोजणी टाळली की पाकिटावर नाव जुनं आणि आत बहुतेक साधा गहू. म्हणून दर पिढीत मुळांच्या टोकांतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, निवडलेल्या ओंब्यांवर पिशव्या चढवायच्या, आणि पाकीट पाठवताना त्यावर पिढी आणि मोजणीची तारीख लिहायची.